तख्ती घेतलीस की येतो

आमच्या अण्णांना मराठी माणूस म्हणून मराठी मुलखात पाठवलं, आणि अण्णांना मराठी लिहिताच येत नव्हतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मीही पुष्कळ हसले आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. नांदेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, निजामाच्या काळातल्या शाळेत शिकलेला, म्हणजे सगळं उर्दूतून. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, शिव्या तेवढ्या मराठीत. पुढे हैदराबादेत सरकारी कचेरीत कारकून झाले, तिथं आधी उर्दू आणि मग इंग्रजी. घरात बोलणं सगळं मराठी, पण कागद पुढे आला की त्यांचा हात उजवीकडून डावीकडे निघायचा.

आम्ही अंबरपेठेत राहायचो. अण्णा, आई आणि मी, तीनच माणसं. आई मुलींच्या मराठी शाळेत शिकवायची. शिस्तीची बाई, घरातसुद्धा तिच्या हातात पट्टी आहे असंच मला वाटायचं. अण्णांचं बरोबर उलट. रविवारी जेवण झालं की ते भिंतीला टेकून बसायचे, मांडीवर दास्तानीचा, म्हणजे उर्दूतल्या लांबलचक अद्भुत गोष्टीचा, जाडजूड खंड घ्यायचे आणि मला वाचून दाखवायचे. डोळे उर्दूवर आणि तोंडातून मराठी. जादूगारांची फौज, शहजाद्याचं लष्कर, धुराची नदी, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही असा तिलिस्म, आणि सगळ्यांना वेश पालटून फसवणारे अय्यार. खंड काही संपत नव्हते. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून एक आणला की दुसरा परत जायचा. मध्येच अण्णा डुलकी घ्यायचे आणि मी त्यांचा गुडघा हलवून ओरडायची, "अण्णा, अय्यार विहिरीत लटकलाय, असं झोपू नका ना!"

मी नऊ वर्षांची असताना मला गोवर झाला. पंधरा दिवस अंथरुणात. त्या पंधरा दिवसांत अण्णांनी तो खेळ केला. कचेरीतल्या एका जुन्या फायलीचा पुठ्ठा घेतला, त्यावर तांबड्या-निळ्या पेन्सिलीने सात बाय सात घरं आखली, मधली आडवी ओळ निळी रंगवली, ती धुराची नदी. पुठ्ठ्याच्या चार घड्या होत आणि तो बरोबर जर्द्याच्या डबीत मावे. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं. पांढरी माझी, शहजाद्याचं लष्कर. काळी त्यांची, जादूगारांची फौज. एवढी हत्तीएवढी दास्तान त्यांनी माझ्या तळहातावर मावेल अशी केली, याचं मला आजही नवल वाटतं.

खेळ सोपा होता, पण हरवणं सोपं नव्हतं. फासे नव्हते. "नशिबावर काही सोडायचं नाही, बेटा. डोकं चालव," असं म्हणायचे. दोन सिपाही, पुढे-मागे किंवा बाजूला एकेक घर चालणारे. एक घोडेस्वार, तसाच, पण दोन घरं. एक परी, तिरपी कितीही लांब. एक अय्यार, तो सगळ्या खेळात फक्त एकदा, शत्रूच्या कुठल्याही सोंगटीशी जागा बदलू शकायचा. आणि शेवटच्या ओळीत मधोमध तख्ती, म्हणजे तिलिस्माचं रहस्य कोरलेली पाटी. दास्तानीत तिलिस्म तोडायचा असेल तर ती तख्ती हाती लागावी लागते. इथंही तेच. ज्याने दुसऱ्याची तख्ती घेतली तो जिंकला.

मी कधीच जिंकले नाही. लहान पोरगी म्हणून मुद्दाम हरणं अण्णांना मान्य नव्हतं. मी पट उधळून दिला, तोंड फुगवून बसले, दोन-दोन दिवस बोलले नाही, काही फरक नाही. बटणं गोळा करायचे, डबीत भरायचे आणि शांतपणे विचारायचे, "कुठं चुकलीस ते कळलं का?" आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, एकदा हरलात तर काय आकाश कोसळेल?" अण्णा म्हणायचे, "मग तिला खरं जिंकणं कधी कळेल?"

छप्पन साली राज्यांची नव्याने वाटणी झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे. कचेरीत महिनोन् महिने नुसत्या याद्या चालल्या होत्या. कुठली फाईल कुठं जाणार, कुठलं कपाट, कुठली खुर्ची, आणि कुठला माणूस. अण्णा स्वतः याद्या करत होते. एका संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या आणि तिथंच उंबऱ्यात उभे राहिले. "माझं नाव औरंगाबादच्या यादीत," म्हणाले. मातृभाषा मराठी, जिल्हा नांदेड, त्यामुळे मुंबई राज्याच्या वाट्याला. मराठी लिहिता येतं का, हे विचारायचा रकाना त्या कागदात नव्हता.

आई जाऊ शकत नव्हती. तिची शाळा खासगी. ती सोडली तर तिकडे तिला कुणी विचारणार नव्हतं, आणि अण्णा गेले नाहीत तर त्यांची नोकरी जाणार. दोघांनी आठ दिवस त्यावर चर्चा केली. आवाज चढायचे, मी बाहेरच्या पायरीवर कान लावून बसायची. शेवटी ठरलं की अण्णांनी पुढे जायचं. एक वाट होती. हैदराबादेत राहिलेला कुणी मराठी कारकून तिकडे जायला तयार झाला, तर अदलाबदलीचा अर्ज करता येत होता. "सहा महिन्यांत कुणी ना कुणी मिळेल," आई म्हणाली. सहा महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत, असा मी मनाशी हिशेब केला.

काचिगुडा स्टेशनावर आम्ही पोचवायला गेलो. गाडी लागलेली होती. अण्णांनी खिशातून दुसरी एक जर्द्याची डबी काढली. त्यांनी पटाची नक्कल केली होती, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. घरांना त्यांनी माझ्या मराठीत नावं दिली होती. आडवी अक्षरं क ख ग घ च छ ज, उभे आकडे एक ते सात. "आता पत्राने खेळायचं. कार्डावर एक चाल मी लिहीन, एक तू," म्हणाले. मी रडत होते, मला खेळ नको होता. मी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि म्हणाले, "आणि मी जिंकले तर?"

ते खाली वाकले. "तू माझी तख्ती घेतलीस की मी परत येतो. कायमचा." 

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मला आज वाटतं, तिने त्यांना तिथंच झापायला हवं होतं. पण गाडी सुटत होती, कोण कुणाला काय बोलणार?

मग कार्डं सुरू झाली. वरचा अर्धा भाग आईला, इंग्रजीत, दोन ओळी. खालचा माझा. पहिल्या कार्डावर अण्णांचा ग इतका मोडका होता की मी तो पाहून खिदळले आणि मग एकदम रडायला लागले. बेचाळीस वर्षांचा माणूस औरंगाबादेत खोलीवर बसून माझ्या पहिलीच्या पुस्तकातली अक्षरं गिरवत होता. कारण तिकडे कचेरीत हळूहळू मराठीत टिपणं मागायला लागले होते आणि त्यांना लाज वाटत होती. मी माझ्या चालीखाली त्यांच्या चुका लिहायची. 'छ ला शेपूट नीट काढा.' ते पुढच्या कार्डावर छ ची एक पूर्ण ओळ काढून पाठवायचे. क, ख, ग, घ, च, छ, ज. अण्णांना आधी एवढीच सात अक्षरं नीट यायला लागली.

आमचा पोस्टमन वयस्कर मुसलमान गृहस्थ होता. कार्ड उघडंच, तो वाचायचा, कधी पायरीवर मांडलेल्या माझ्या पटात डोकवायचा आणि सायकलवरूनच ओरडायचा, "बिटिया, आज अब्बा तुम्हारे सिपाई कू मारे!" सगळ्या गल्लीला माझा सिपाही मेल्याचं कळायचं. मला असा राग यायचा! एकदा मी त्याला म्हटलं, "चाचा, तुम्हाला काय कळतं?" तो म्हणाला, "दो साल से पढ रहा हूँ बेटा, तुम परी कू बहुत जल्दी निकालते." आणि खरंच, मी परीला घाईने पुढे काढत होते. त्या दिवसापासून मी तिला मागे ठेवायला लागले.

माझं कार्ड मी अंबरपेठेत टाकत नसे. शनिवारी शाळा सुटली की आईबरोबर आबिड्सला जायचं आणि मोठ्या पोस्टात टाकायचं, म्हणजे त्याच दिवशी निघतं असं मला अण्णांनी सांगितलं होतं. आई बाहेर उभी राहायची. मी कार्ड पेटीत टाकायच्या आधी चाल एकदा पुन्हा वाचायची, कारण टाकलं की टाकलं. मग तिकडून उत्तर यायला आठ-दहा दिवस. तोवर माझा जीव टांगणीला.

ते यायचे, नाही असं नाही. दिवाळीला चार दिवस, उन्हाळ्यात आठ. पण खेळ टपालाचा, तो टपालातच, असा त्यांचा नियम. घरी असले की पट काढायचा नाही. आणि मला तेच बरं वाटायचं, कारण ते घरी आले की कसं वागायचं हे आम्हा दोघांनाही नीट समजायचं नाही. कार्डावर आम्ही फार जवळचे होतो. समोर आले की ते विचारायचे, "अभ्यास काय म्हणतो?" आणि मी म्हणायची, "ठीक आहे." जायच्या दिवशी मात्र मी त्यांच्या पिशवीवर बसून राहायची, उठायचीच नाही.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची तीन वर्षं. मी तेरा वर्षांची झाले. एक दिवस आई शाळेतून आली, चेहरा वेगळाच. म्हणाली, "मिळाला बरं का जोडीदार. इथलाच एक कारकून, त्याची बायको जालन्याची, त्याला तिकडे जायचंय. दोघांनी अर्ज दिलाय." मला नाचावंसं वाटलं. आईने लगेच दटावलं, "अजून काही झालेलं नाही. कुणाला सांगत बसू नकोस." पण संध्याकाळी तिने स्वतःच शेजारच्या बाईंना सांगितलं. आणि मला बेगम बाजारातून पितळेचं तपेलं आणायला लावलं, मोठं, तीन माणसांच्या वरणाचं. दोघींसाठी आम्ही इतके दिवस लहानच वापरत होतो.

खेळातही मी तेव्हा कधी नव्हे ते पुढे होते. माझा घोडेस्वार घ-पाचवर होता, मागे परीचं पाठबळ. अण्णांची तख्ती घ-सातवर. मध्ये घ-सहावर त्यांचा सिपाही भिंत होऊन उभा. तो तिथं होता म्हणून मी अडकले होते. चार महिने तो हलला नव्हता.

आणि एका मंगळवारी कार्ड आलं. वरचा अर्धा भाग कोरा होता. आईला एक ओळ नाही. खाली माझ्यासाठी, आता अगदी वळणदार झालेल्या अक्षरात: सिपाही, घ-सहावरून ग-सहावर.

मी पट मांडला. बटण सरकवलं. वाट उघडी. घोडेस्वार दोन घरं पुढे टाकला की तख्ती माझी. पोस्टमनचाचा दारातच थांबला होता. त्यालाही कळलं होतं. "मारो बेटा," म्हणाला, "अब क्या देखते?"

मला हरवताना चार-चार वर्षं ज्यांचा हात कधी चुकला नाही, ते अण्णा असा हौलेपणा, असा खुळेपणा करणार? त्यांनी मुद्दाम वाट दिली होती. का दिली? अर्ज मंजूर झाला, आता येतोच आहे, म्हणून? मग वरचा भाग कोरा का? मी तीन दिवस जेवले नाही नीट. मला एकच भीती. मी तख्ती घेतली आणि अण्णा आले नाहीत तर? आत्तापर्यंत मला एवढं तरी म्हणता येत होतं की मी जिंकले नाही म्हणून ते आले नाहीत. दोष माझा होता, आणि माझा असलेला मला चालत होता. एकदा जिंकले की मग काय म्हणणार होते मी?

शनिवारी आबिड्सला पेटीपुढे उभी राहिले. कार्डावर लिहिलं होतं: घोडेस्वार, घ-पाचवरून छ-पाचवर. बाजूला. तख्तीपासून लांब. आई बाहेरून ओरडली, "किती वेळ गं?" मी कार्ड सोडून दिलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. वर आईला दोन ओळी, नेहमीसारख्या. खाली सिपाही परत घ-सहावर. बस्स. एक शब्द नाही. त्याच आठवड्यात आईने सांगितलं की अदलाबदल झाली नाही. कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तपेलं तिने फळीवर पालथं घातलं. पोस्टमनचाचा मात्र माझ्यावर असा नाराज झाला की महिनाभर त्याने गल्लीत काही ओरडून सांगितलं नाही.

त्यानंतरही आम्ही खेळलो, आणखी तीनेक वर्षं. पण आधीची ती धग राहिली नव्हती. माझी मॅट्रिक आली, कार्डं महिन्याला एक, मग दोन महिन्यांना एक. शेवटची चाल कुणाची होती तेही मला सांगता येणार नाही. माझं लग्न झालं, मी बेगम बाजारात किराणा मालाच्या व्यापाऱ्याच्या घरी गेले. मिरच्यांच्या पोत्यांत शिंका देत संसार केला. लग्नात अण्णा पाहुण्यासारखे आदल्या दिवशी आले आणि दुसऱ्या दिवशी गेले.

निवृत्त झाले तेव्हा अण्णा परत आले. कायमचे. तेरा वर्षांनी. मी दोन्ही पोरांना घेऊन काचिगुड्याला गेले. गाडीतून उतरले ते एक पंचावन्न वर्षांचे, औरंगाबादच्या शुद्ध मराठीत बोलणारे, वर्तमानपत्राला चष्मा लावणारे गृहस्थ. अंबरपेठेच्या आमच्या घरात ते विचारून पाणी प्यायचे. "टॉवेल घेऊ का?" असं आईला विचारायचे. आई चिडायची, "घ्या की हो, घर कुणाचं आहे?" माझी पोरं हैदराबादी 'हौ', 'नक्को' बोलायची, अण्णांना ते खटकायचं. एकेकाळी हा माणूस मला उर्दू दास्तान वाचून दाखवायचा, हे पोरांना सांगूनही खरं वाटत नसे.

मी दर रविवारी अंबरपेठेला जायची. एका रविवारी आम्ही दोघं ओसरीवर चिंच साफ करत बसलो होतो, चिंचोके वेगळे काढत. आई आत पडली होती. अण्णा मान वर न करताच म्हणाले, "त्या वेळी तू तख्ती का घेतली नाहीस?"

मला कुठली वेळ हे विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "मला भीती वाटली. घेतली आणि तुम्ही आलाच नाहीत तर."

त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. "नसतोच आलो," म्हणाले. "अर्ज नामंजूर होऊन आठ दिवस झाले होते, आता निवृत्तीपर्यंत सुटका नाही हेही कळलं होतं. मला तुला खोटं सांगत राहणं जमेना, आणि खरं लिहायचं धाडस होईना. म्हटलं, हरावं. तू जिंकलीस की विचारशील, कधी येता? मग उत्तर द्यावंच लागेल. म्हणून वाट उघडी ठेवली."

"आणि मी विचारलंच नाही."

"नाहीस. तुझं कार्ड आलं, घोडा बाजूला घेतलेला. मी कचेरीत सगळ्यांसमोर रडलो, बेटा. मला वाटलं, पोरीला कळलं. आणि कळूनही ती मला वाचवतेय. मग मीही सिपाही परत नेऊन ठेवला. म्हटलं, तुला चालतंय तर चालू दे."

मला इतका संताप आला की काय सांगू! तेरा वर्षांच्या पोरीला काय कळणार होतं? मी कुणाला वाचवत नव्हते, मी घाबरले होते. त्यांनी लिहायला हवं होतं. दोन ओळी, मोडक्या मराठीत, कशाही. मी रडले असते, जमिनीवर लोळले असते, त्यांना वाईट-साईट लिहून पाठवलं असतं, आणि मग एक दिवस थांबले असते. त्यांच्यामुळे मी वाट बघायचं थांबलेच नाही. हे सगळं मी त्यांना तोंडावर बोलले, आवाज चढवून बोलले, आई उठून दारात आली. अण्णा ऐकून घेत होते. मधेच त्यांनी पूर्वीच्याच सुरात म्हटलं, "कुठं चुकलो ते कळलं मला," आणि हसायचा प्रयत्न केला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. पांढरे केस, चिंचेने चिकट झालेली बोटं, परक्या घरी बसावं तसे पाय जवळ घेतलेले. ते आले होते. खरंच आले होते, कायमचे, आणि मी त्यासाठी जे काही हवं ते दिलं असतं अशी एक वेळ होती. पण त्या वेळी ज्यांची वाट पाहिली ते अण्णा त्या गाडीतून कधी उतरलेच नाहीत. हे आलेले अण्णा माझ्यासमोर दोन हातांवर बसले होते, आणि मला त्या अण्णांची इतकी आठवण आली की मी तिथंच चिंचेच्या सुपात तोंड खुपसून रडले.